बुधवारचा रुग्ण

१

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी छापून आलेल्या यादीत एक बाई नव्हती.

ही गोष्ट यादीबाईंच्या ध्यानात आली तेव्हा यादीतल्या पहिल्या नावाला त्यांचा फोन करूनही झाला होता. किडनीची वाट पाहणाऱ्या रुग्णांची यादी सांभाळायचं काम त्या या अवयवजुळणी केंद्रात चौदा वर्षं करत होत्या आणि त्यांचं खरं नाव काय हे आता त्यांनाच आठवावं लागत असेल. बर्फाच्या पेटीतून किडनी निघाली आहे असा निरोप आला की सर्व्हरला विचारायचं, तो गुण मोजून क्रम लावतो, आणि पहिल्या नावाला फोन करायचा. इतकं साधं काम. ते त्यांनी केलं, चहाचा घोट घेतला, यादी पुन्हा वाचली आणि कप तसाच खाली ठेवला.

बसवाल्या बाई यादीत नव्हत्या. बस चालवायच्या म्हणून बसवाल्या. त्यांच्या हातांत, मानेत, मांडीत कुठेच डायलिसिसची सुई लावायला जागा उरली नव्हती, म्हणून बारा दिवसांपूर्वी यादीबाईंनी स्वतःच्या हातांनी त्यांचं नाव तातडीचं म्हणून घातलं होतं. आता ते नाव वर नव्हतं, खाली नव्हतं, कुठेच नव्हतं.

त्यांनी राखणदाराला बोलावलं. राखणदाराचं काम जरा चमत्कारिक होतं. मुख्य सर्व्हर बंद पडला तर त्याच मिनिटाला उभा राहील असा दुसरा, राखीव सर्व्हर तयार ठेवायचा, आणि त्याची गरज कधी पडू नये अशी आशा करत पगार घ्यायचा. नऊ वर्षांत गरज पडली नव्हती. आज पडली. पावणेनऊला मुख्य सर्व्हर बसला. राखणदाराने तो दोनदा चालू केला, दोनदा मिनिटभरात तो आपोआप बंद झाला. मग त्याने राखीव उघडला, चार मिनिटांत, आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. ती थाप अजून पाठीवर गरम होती.

त्याने राखीव सर्व्हरमधली शेवटची नोंद कधीची ते पाहिलं. दर मिनिटाला मुख्यातला प्रत्येक बदल इकडे नकलून येतो, तेव्हा ती आज सकाळची असायला हवी होती. ती एकोणीस दिवसांपूर्वीची होती. बुधवार, दुपारी बारा वाजून सात मिनिटं.

तरी भिंतीवरच्या फलकावर राखीव सर्व्हरचा दिवा हिरवागार होता, आणि या एकोणीस दिवसांत तो एकदाही लाल झाला नव्हता.

"फोन कुणाला केलात?" त्याने विचारलं.

यादीबाईंनी कागद त्याच्याकडे सरकवला. पहिलं नाव त्याच्या धाकट्या बहिणीचं होतं.

२

मोठे डॉक्टर केंद्राचे प्रमुख. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आणि म्हणून लोक त्यांना जास्त घाबरत. त्यांनी दार लावून घेतलं आणि राखणदाराला बसायला सांगितलं नाही.

त्यांनी हिशेब मांडला तो असा. किडनी साडेअकराला पोचेल. एकपर्यंत ती कुणाची ते सांगितलं नाही तर ती पुढच्या केंद्राला जाईल, तसा नियमच आहे. चालू सर्व्हरमधली यादी हीच यादी, असाही नियम आहे, कारण माणसांच्या आठवणीवर किडन्या वाटायला लागलं तर ओळखीपाळखीचा बाजार व्हायला वेळ लागत नाही. गेल्या एकोणीस दिवसांत सहा जण नव्याने तातडीचे झाले. कुणाचे गुण किती हे त्या बंद पडलेल्या सर्व्हरलाच ठाऊक. तेव्हा एक वाजता राखीव सर्व्हरला मुख्य म्हणून जाहीर करायचं, त्याच्या यादीवर सही करायची, आणि देवाची माफी मागायची.

"आता मला एक सांग," ते म्हणाले. "राखीव सर्व्हर अशा दिवशी थांबला, ज्या दिवशी पहिल्या नंबरवर तुझी बहीण होती. तो सांभाळतोस तू. दिवा हिरवा ठेवणारा तू. मी काय समजू?"

राखणदाराने खरं तेच सांगितलं, की त्याला काही माहीत नाही. ते इतकं लंगडं वाटलं की त्याचा त्यालाच राग आला.

मुख्य कार्यालयाचा माणूस संध्याकाळशिवाय येऊ शकत नव्हता. सर्व्हरचं पोट कळणारा माणूस केंद्रात एकच होता, आणि संशय त्याच्यावरच होता. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी तोडगा काढला. एकपर्यंत शोध तूच घे, पण यादीबाई तुझ्या शेजारून हलणार नाहीत, आणि तुझी बोटं कुठे पडतात ते त्या बघतील.

दाराशी पोचल्यावर त्याचा फोन थरथरला. धाकटीचा निरोप होता. दादा, मला बोलावलंय, मी बॅग भरते, तू खाली थांबशील ना. त्याने फोन खिशात टाकला. दहा वाजून गेले होते.

३

त्या बुधवारी बारा वाजता सर्व्हरच्या खोलीत कोण कोण जाऊ शकत होतं? किल्ली चौघांकडे होती. स्वतः राखणदार, यादीबाई, वातानुकूलन सांभाळणारा मिस्त्री, आणि लॅबवाला.

मिस्त्रीला सगळे गारवेवाला म्हणत. तो गच्चीवर पंख्याच्या पेटीत अर्धा आत आणि अर्धा बाहेर असा सापडला. तो आधी खवळला. वायरीला हात लावायला मी काय वेडा आहे का, वगैरे. मग त्याने खिशातून तेलकट वही काढली. दोन्ही सर्व्हरमागच्या हवेचं तापमान तो रोज दुपारी लिहून ठेवत असे. असं लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाला एखादा नाद असतो तसा त्याचा हा होता.

राखणदाराने पानं उलटली. राखीव सर्व्हरमागची हवा त्या बुधवारपासून दोन अंशांनी गार होती, ती आजपर्यंत. मुख्य सर्व्हरमागची मात्र रोज थोडी तापत गेली होती.

"तुमचा तो राखीव झोपलाय, एवढं मला कळत होतं," गारवेवाला म्हणाला. "आणि मोठा धापा टाकतोय. मला वाटलं, कामाची वाटणी झाली असेल. मला कोण विचारतं."

लॅबवाला जास्त गडबडला. राखीव सर्व्हर रिकामाच बसलेला असतो म्हणून तो दर महिन्याची आकडेवारी गुपचूप त्याच्यावर काढत असे, आणि ते उघडं पडलं म्हणून त्याचे कान लाल झाले. आपण फक्त वाचतो, लिहीत काहीच नाही, असं त्याने तीनदा सांगितलं. राखणदाराने तपासलं. ते खरं होतं, त्याला लिहिण्याची परवानगीच नव्हती. उठता उठता राखणदाराने त्याला विचारलं की काही वावगं दिसलं का.

लॅबवाला म्हणाला, दिसलं, पण हसण्यासारखं. दहा दिवसांमागे, एका शुक्रवारी, त्याच्या आकडेवारीत एक रुग्ण जास्त आला. नाव होतं चाचणी रुग्ण, वय शंभर.

यादीबाई हसल्या. राखणदार हसला नाही. चाचणी रुग्ण हा त्याच्याच कल्पनेतून जन्मलेला माणूस होता. दर बुधवारी बारा वाजता तो मुख्य सर्व्हरमध्ये जन्माला यायचा, अर्ध्या मिनिटात राखीवमध्ये उमटायचा, नक्कल नीट येते आहे हे त्यावरून कळायचं, आणि पंधरा मिनिटांत त्याला पुसून टाकायचं. शुक्रवारी त्याने जिवंत असायचं काहीच कारण नव्हतं.

४

सव्वाअकरा वाजले. खाली दारात गाडीचा आवाज झाला की राखणदाराचा जीव खालीवर होत होता. ती किडनी असेल किंवा धाकटी असेल, आणि दोन्हींची त्याला सारखीच धास्ती वाटत होती.

चौघांतले दोघे सुटले होते. उरलेल्या यादीबाई त्याच्या शेजारी बसून त्याची बोटं बघत होत्या. त्याने खुर्ची फिरवली.

त्याने चाचणीची वही उघडली. बुधवारची चाचणी एरवी तो स्वतः घ्यायचा, पण गेले दोन बुधवार तो दुपारी रजेवर होता. धाकटी न्हाणीघरात पडल्यापासून तिला डायलिसिसला एकटं सोडवत नव्हतं. म्हणून त्या दोन चाचण्या यादीबाईंनी घेतल्या होत्या. वहीत दोन्हींपुढे बरोबरच्या खुणा होत्या, सह्या होत्या, आणि अक्षर सुबक होतं.

राखीव सर्व्हर झोपलेला असताना त्यावर नवा रुग्ण उमटलाच कसा? या बाईंनी चाचणी न घेताच खुणा केल्या असतील, तर गुन्हेगार समोर बसली होती. त्याला हे विचारताना बरं वाटलं नाही, पण मनातल्या मनात कुठेतरी हायसंही वाटलं. दुसऱ्या कुणाची चूक असणं किती सुखाचं असतं हे ज्याच्या गळ्याशी आलेलं असतं त्यालाच कळतं.

यादीबाई दुखावल्या. खोट्या सह्या करायचं आपलं वय नाही, असं त्यांनी सुनावलं. दोन्ही वेळा त्यांनी कागद समोर ठेवून, एकेक पायरी बोटाने वाचत चाचणी घेतली होती. रुग्ण मुख्यात घातला. राखीव उघडून पाहिलं. रुग्ण होता.

"अर्ध्या मिनिटाने?"

"छे, लगेच. मी म्हटलंसुद्धा, आता भलताच चपळ झालाय तुमचा सर्व्हर. खुर्ची फिरवून बघते तर हा आधीच हजर."

राखणदाराने टेबल घट्ट धरलं. तो आधीच हजर होता, कारण तो गेलाच नव्हता. मुख्यातून त्याला दर वेळी पुसत होते, पण पुसल्याची बातमी राखीवपर्यंत पोचत नव्हती. आठवड्यापूर्वीचा रुग्ण तिथे बसून होता आणि बाई त्यालाच आजचा समजून खूण करत होत्या. याचा अर्थ नक्कल थांबली ती चाचणीच्या मधोमध. रुग्ण उमटल्यानंतर आणि पुसण्याआधी.

म्हणजे ज्याने थांबवली तो त्या बुधवारी ती चाचणी घेत होता.

"त्या दिवशीची सही तुमची आहे," तो म्हणाला.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण सुरुवात तुम्ही केली होती. मध्येच तुमचा फोन वाजला. पुढचं कागद बघून करा म्हणालात आणि पळालात. आठवत नाही?"

५

आता आठवलं.

बारा वाजून आठ मिनिटं. फोनवर शेजारची बाई रडत होती, धाकटी न्हाणीघरात पडलीय, डोक्यातून रक्त येतंय, दार आतून लावलंय. त्यानंतरचा अर्धा तास त्याच्या डोक्यात नव्हताच. आपण खुर्चीतून उठलो कसे, जिने उतरलो कसे, काहीच नव्हतं.

त्याने चाचणीचा कागद पुढे ओढला. तो त्यानेच लिहिला होता, नऊ वर्षांपूर्वी, सहा पायऱ्यांचा. रुग्ण घालावा. राखीवमध्ये उमटला का पाहावे. नक्कल थांबवावी. राखीव स्वतंत्र उघडून यादी छापावी. मुख्यातून रुग्ण पुसावा. सही करावी.

नक्कल पुन्हा सुरू करावी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

त्याची बोटं ते आपसूक करत आली होती, तोंड धुऊन झाल्यावर नळ बंद करावा तशी. आपल्यालाच लागतं म्हणून लिहिलेल्या कागदात माणूस आपल्या हाताला येणारी गोष्ट लिहीत नाही. यादीबाईंनी कागदाबाहेरचं काही केलं नाही, आणि त्यांनी ते का करावं? फलकावरचा हिरवा दिवा इतकंच सांगत होता की राखीव सर्व्हर चालू आहे. तो जागा आहे की झोपलाय, हे दिव्याला कुणी विचारलंच नव्हतं.

मग गारवेवाल्याची वही डोळ्यांपुढे आली. मोठा धापा टाकतोय. तो बंद पडलेल्या मुख्य सर्व्हरकडे गेला, शेवटच्या मिनिटात त्याने स्वतः लिहून ठेवलेली नोंद वाचली आणि खाली जमिनीवरच बसला. नोंदीत दोनच शब्द होते. जागा संपली.

राखीव सर्व्हर बदल घेत नव्हता, म्हणून मुख्य सर्व्हर ते साठवून ठेवत होता. आज ना उद्या तो मागेल म्हणून एकही टाकत नव्हता. एकोणीस दिवस ढीग वाढत गेला आणि आज पावणेनऊला त्याला श्वास घ्यायला जागा उरली नाही. तो मेला नव्हता. तो गुदमरला होता. दोन गुन्हे नव्हतेच, एकच होता.

आणि एकही नोंद हरवलेली नव्हती. थोडी जागा मोकळी करायची, मुख्य चालू करायचा, थांबवलेली नक्कल सुरू करायची. ढीग वाहून जाईल, यादी आजची होईल, बसवाल्या बाई परत येतील.

आणि धाकटी यादीत खाली जाईल.

बारा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. एक वाजता राखीव सर्व्हर मुख्य म्हणून जाहीर झाला की तो जुन्याकडून काही घेणार नाही, ही सर्व्हरांची रीतच. मग हा ढीग कायमचा निकामी. पस्तीस मिनिटं गप्प बसायचं, एवढंच. हात पाठीमागे बांधून बसलं तरी चाललं असतं. यादीबाई बोटं बघत होत्या, न हललेली बोटं त्यांना दिसणार नव्हती. त्याची चूक उघडी पडणार नव्हती आणि धाकटीला किडनी मिळणार होती. चार वर्षं आठवड्यातून तीनदा त्या खुर्चीत बसून ती चिपाडासारखी झाली होती. आजची संधी गेली तर पुढची कधी येईल, आणि येईपर्यंत ती असेल का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

त्याने खरोखरच हात मांडीखाली दाबून धरले.

"बरं नाही का?" यादीबाईंनी विचारलं. तो मान हलवून नाही म्हणाला. मग काहीतरी बोलायचं म्हणून त्या बोलल्या. परवा बसवाल्या बाईंचा फोन आला होता म्हणे. आपलं नाव आहे ना यादीत, एवढंच विचारायला. "मी म्हटलं, आहे, आणि कुठे जात नाही. निवांत झोपा."

घड्याळात बारा पस्तीस झाले.

"मोठ्या डॉक्टरांना बोलवा," तो म्हणाला. "आणि हे बघा, मी आता काय करतोय ते नीट बघा."

६

जुन्या छापील अहवालांच्या फायली पुसून त्याने जागा केली. मुख्य सर्व्हर घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला, आणि या वेळी चालू राहिला. बारा चव्वेचाळीसला त्याने नक्कल सुरू केली. पडद्यावर आकडा हलू लागला. बारा मिनिटं लागतील असं तो सांगत होता.

त्या बारा मिनिटांत, मोठे डॉक्टर दाराला टेकून उभे असताना, त्याने सगळं सांगितलं. थंड हवा, शुक्रवारचा रुग्ण, खुर्ची फिरवण्याआधी हजर झालेला रुग्ण, आणि सहा पायऱ्यांचा कागद. तो पडद्याकडे बघून बोलत होता.

"म्हणजे थांबवली कुणी?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"मी. आणि सुरू करायची राहिली ती माझ्याकडून. कागदात नव्हतं, कारण कागद मी लिहिला. बाईंची चूक नाही."

"मध्येच उठून का गेलास?"

राखणदाराने उत्तर दिलं नाही. यादीबाईंना ते ठाऊक होतं. त्या तोंड उघडणार होत्या, पण त्याचा चेहरा पाहून गप्प राहिल्या.

डॉक्टर म्हणाले की हे सगळं लेखी लागेल, आणि आज संध्याकाळी किल्ली जमा करायची. त्यांच्या आवाजात राग नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की हे न सांगता चाललं असतं हे तुला माहीत होतं ना. तो हो म्हणाला.

बारा छप्पनला आकडा थांबला. यादीबाईंनी यादी पुन्हा काढली. पहिलं नाव बसवाल्या बाईंचं होतं. त्यांनी लगेच फोन उचलला. धाकटी चौथी होती.

ती खाली दाराजवळच्या बाकावर बसली होती. बॅग मांडीवर, केस विंचरलेले, कपाळावरच्या टाक्यांच्या खुणेवर पावडर लावलेली. त्याला जिन्यावर पाहताच ती उभी राहिली आणि तो जवळ येईपर्यंत तिला सगळं कळलं होतं. तो खोटं बोलायला लहानपणापासूनच कच्चा.

त्याने सांगितलं की यादी जुनी होती. आता बरोबर झाली. ती चौथी आहे.

"जुनी कशी झाली?"

"माझ्याकडून चूक झाली. नक्कल सुरू करायची राहून गेली."

"कधी?"

त्याला दुसरा दिवस सांगता आला असता. "एकोणीस दिवसांपूर्वी. बुधवारी."

ती बोटांवर मोजू लागली. मध्येच थांबली. तिचा हात कपाळाकडे गेला आणि तिथेच राहिला. बाकावर ती परत बसली ती हळूहळू, हाताने बाक चाचपत. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. काही बोलली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं.

"दादा," ती म्हणाली, "सकाळी मी आजचं चार वाजताचं डायलिसिस सोडून दिलं. म्हटलं, आता कशाला लागतंय. कुणाला तरी दिलं असेल त्यांनी. ते परत मिळतंय का बघ ना."

तो उठला. डायलिसिसच्या खिडकीपुढे सात माणसं होती, आणि तो त्यांच्यामागे आठवा उभा राहिला.